सूक्ष्मदर्शकांतून किती दिसतें?

सूक्ष्मदर्शक यंत्र वस्तु किती पटींनीं मोठी करून दाखवितें, हें शाळेंत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. भिंगावर तो आकडा कोरलेला असतो, आणि यंत्र विकणारा दुकानदारही तोच आकडा प्रथम पुढें करितो. परंतु त्याच्या जोडीचा दुसरा एक प्रश्न आहे; तो बहुधा कोणी विचारीत नाहीं. नळीला डोळा लावला असतां प्रकाशाचें जें वाटोळें वर्तुळ दिसतें, त्यांत मूळ वस्तूचा केवढा भाग मावलेला असतो? या वर्तुळाला दृष्टिक्षेत्र म्हणतात. त्याचें माप कसें काढावें आणि तें काढल्यानें कोणाचें काय हित होतें, या दोन गोष्टींचा आज विचार करावयाचा आहे. हिशेब गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचा नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यांत, तापानें फणफणलेल्या मुलाच्या रक्ताचा थेंब जेव्हां कांचेवर घेतला जातो, तेव्हां "हिंवताप नाहीं" या उत्तराची किंमत याच हिशेबावर ठरते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्राची शक्ति वाढविली कीं जास्त दिसतें, असें आपण सहज म्हणतों. वस्तुतः शक्ति वाढविली कीं कमी जागा दिसते. मात्र जी दिसते ती अधिक बारकाईनें दिसते. नकाशाचें उदाहरण घ्या. एका कागदावर सबंध गोंदिया जिल्हा काढला तर गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगांव हे आठही तालुके त्यावर मावतात. परंतु नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव नखाएवढा होऊन बसतो. त्याच कागदावर केवळ तो तलाव काढला तर त्याचा कांठ न् कांठ दिसूं लागतो. परंतु तालुके कागदाबाहेर जातात. कागद दोन्ही वेळां तेवढाच असतो. सूक्ष्मदर्शकाचें वर्तुळ म्हणजे असाच न बदलणारा कागद होय.

हा कागद कोठें असतो तें पाहूं. सूक्ष्मदर्शकाला दोन जागीं भिंगें असतात. खालीं, वस्तूच्या जवळ असतें तें पदार्थभिंग. वर, डोळ्याजवळ असतें तें नेत्रभिंग. पदार्थभिंग वस्तूची मोठी प्रतिमा नळीच्या वरच्या भागांत उभी करितें, आणि नेत्रभिंग ती आणखी मोठी करून डोळ्याला दाखवितें. जेथें ही प्रतिमा पडते, नेमक्या त्या जागीं धातूचें एक बारीक कडें बसविलेलें असतें. वर्तुळाची जी काळी, रेखीव कडा आपल्याला दिसते ती या कड्याची. कड्याच्या आंत पडेल तेवढीच प्रतिमा डोळ्यापर्यंत पोहोंचते, बाकीची अडते. म्हणून या कड्याचा व्यास हीच सर्व हिशेबाची किल्ली आहे. नेत्रभिंगावर '१०×/१८' असें कोरलेलें आढळलें तर त्यांतील पहिला आकडा शक्तीचा व दुसरा या कड्याच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्यें दिलेला, असें समजावें. दुसऱ्या आकड्याला आपण क्षेत्रांक म्हणूं.

आतां रीति सांगतां येईल. क्षेत्रांकाला पदार्थभिंगाच्या शक्तीनें भागावें. येणारें उत्तर म्हणजे दृष्टिक्षेत्राचा खरा व्यास. क्षेत्रांक १८ असेल तर ४ शक्तीच्या भिंगाखालीं व्यास ४.५ मिलिमीटर, १० शक्तीच्या भिंगाखालीं १.८, ४० शक्तीच्या भिंगाखालीं ०.४५ आणि तेलाचा थेंब घालून वापरावयाच्या १०० शक्तीच्या भिंगाखालीं अवघा ०.१८ मिलिमीटर. नेत्रभिंगाच्या शक्तीनें येथें भागावयाचें नाहीं. विद्यार्थी पुष्कळदां दोन्ही शक्तींचा गुणाकार करून त्यानें भागतात आणि उत्तर दहा पटींनीं चुकतें. नेत्रभिंग प्रतिमेला जेवढें मोठें करितें तेवढेंच कड्यालाही करितें. त्यामुळें कड्यांत काय मावलें यांत त्याच्या योगानें फरक पडत नाहीं. नळीमध्यें आणखी एखादें वर्धक भिंग बसविलेलें असेल तर मात्र त्याची शक्ति भाजकांत धरावी लागते.

क्षेत्रांक कोरलेला नसेल तरी अडत नाहीं. मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक फुटपट्टी ४ शक्तीच्या भिंगाखालीं ठेवावी आणि वर्तुळाच्या मध्यावर किती मिलिमीटर मावतात तें मोजावें. साडेचार मावले तर साडेचाराला चारांनीं गुणून क्षेत्रांक १८ निघतो. मग बाकीच्या भिंगांचा हिशेब कागदावर होतो. मोठ्या शक्तीखालीं फुटपट्टीचा उपयोग नाहीं, कारण तिची एक रेघच सगळें वर्तुळ व्यापून टाकते. तेथें अधिक काटेकोर माप हवें असल्यास एका मिलिमीटरचे शंभर सारखे भाग पाडलेली कांचेची मापनपट्टी मिळते. तिचा प्रत्येक भाग दहा मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा असतो.

व्यास एकदां कळला कीं यंत्र हेंच मोजपट्टी होतें. एखाद्या बोडीच्या पाण्याचा थेंब ४० शक्तीखालीं पाहतांना चपलेच्या तळव्याच्या आकाराचा पॅरामीशियम पोहत आला आणि त्यानें वर्तुळाचा निम्मा व्यास व्यापला, तर त्याची लांबी ०.४५ च्या निम्मी, म्हणजे मिलिमीटरच्या पावभागाहून थोडी कमी. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें साडेसात मायक्रॉन रुंद असते. १०० शक्तीच्या क्षेत्रांत अशा चोवीस पेशी एका ओळींत शेजारीं शेजारीं मावतील.

तथापि व्यासाहून महत्त्वाचें आहे तें क्षेत्रफळ, आणि येथें मनुष्याचा अंदाज हटकून फसतो. पदार्थभिंगाची शक्ति दसपट झाली तर व्यास एकदशांश होतो. परंतु क्षेत्रफळ शतांश होतें. १० शक्तीखालीं सुमारें अडीच चौरस मिलिमीटर जागा दिसते; १०० शक्तीखालीं ०.०२५४ चौरस मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा. जो भाग छोट्या भिंगानें एका नजरेंत पाहिला, तोच मोठ्या भिंगानें पाहावयाचा तर शंभर वेळां कांच सरकवावी लागेल. आतां गोंदियाकडे वळूं.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. धानाच्या पाण्यानें भरलेल्या बांध्या, गांवोगांवच्या बोड्या, लोक ज्यांना 'मामा तलाव' म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव, आणि पूर्वेकडे छत्तीसगडच्या सीमेला भिडलेलें सालेकसा व देवरी तालुक्यांतील अरण्य, असें या प्रदेशाचें रूप आहे. पाण्यानें या भूमीला अन्न दिलें; परंतु झऱ्यानाल्यांच्या व संथ, स्वच्छ पाण्याच्या आश्रयानें अ‍ॅनाफिलीस जातीचा डांसही वाढतो. राज्यांतील हिंवतापाचे म्हणून जे जिल्हे मोजले जातात, त्यांत गडचिरोलीच्या जोडीनें गोंदियाचें नांव वर्षानुवर्षें येत आलें आहे. म्हणून येथें तापाच्या रोग्याचें रक्त तपासणें हा आरोग्यकेंद्राचा नित्याचा उद्योग आहे. बोटाच्या टोकाला टोंचून कांचेवर रक्ताचे दोन डाग घेतात, एक जाड व एक पातळ. ते वाळवून रंगवितात आणि १०० शक्तीच्या भिंगाखालीं पाहतात. रंगविण्याची एक जलद रीति जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनीं १९४४ सालीं आपल्याच देशांत शोधून काढली, व 'जे. एस. बी.' या नांवानें ती प्रसिद्ध आहे.

हिंवतापाचा जंतु रक्तांत असतो हें लाव्हराननें १८८० सालीं अल्जीरियांत पाहिलें. डांसाच्या पोटांत त्याची वाढ होते हें रोनाल्ड रॉसनें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें पाहिलें. जाड डागाची युक्तिही रॉसचीच. ती त्यानें १९०३ सालीं प्रसिद्ध केली. तिचें मर्म आपल्या विषयाशीं निगडित आहे. पातळ डागांत तांबड्या पेशींचा एकेरी थर असतो, आणि एका क्षेत्रांत त्यांपैकीं दोन-अडीचशें दिसतात. एका घनमिलिमीटर रक्तांत अशा पन्नास लाख पेशी असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पातळ डागाच्या एका क्षेत्रांत किती थोडें रक्त पाहिलें जातें तें कळेल. जाड डागांत पेशींचे अनेक थर एकावर एक येतात. रंगवितांना तांबड्या पेशी फुटून विरघळतात, आणि जंतु व पांढऱ्या पेशी तेवढ्या मागें राहतात. क्षेत्राचा व्यास वाढवितां येत नाहीं. म्हणून रॉसनें त्याची खोली वाढविली.

ती खोली किती हें आपल्याला काढतां येतें. साधारणपणें सहा घनमिलिमीटर रक्त बारा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळांत पसरतात. या वर्तुळाचें क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. त्यांतील एक दृष्टिक्षेत्र ०.०२५४ चौरस मिलिमीटर. त्रैराशिक मांडलें तर एका क्षेत्रांत ०.००१३५ घनमिलिमीटर रक्त येतें. पातळ डागाच्या मानानें हें सुमारें सत्तावीस पट झालें. जाड डागाचीं निदान शंभर क्षेत्रें पाहिल्यावांचून "जंतु नाहींत" असें लिहूं नये, असा नियम आहे. शंभर क्षेत्रें म्हणजे ०.१३५ घनमिलिमीटर रक्त. एवढें काळजीपूर्वक पाहूनही कांचेवरच्या डागाचा चव्वेचाळिसावा हिस्साच पाहून होतो. आणि प्रौढ मनुष्याच्या अंगांतील पांच लिटर रक्ताच्या मानानें तो पावणेचार कोटींपैकीं एक भाग ठरतो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करितात, आणि ती योग्यच आहे. कारण भांड्यांतील सगळा भात सारखाच शिजतो. परंतु तांदळांत खडा आहे कीं नाहीं हें एका शितावरून कळत नाहीं. त्यासाठीं सुपांत तांदूळ घेऊन निवडावे लागतात, आणि किती सुपें निवडलीं हें सांगितल्याशिवाय "खडा नाहीं" या म्हणण्याला कांहीं अर्थ नसतो. हिंवतापाचा जंतु हा भाताच्या शितासारखा नसून तांदळांतल्या खड्यासारखा आहे. दृष्टिक्षेत्र हें तंत्रज्ञाचें सूप, आणि तें केवढें हें त्यानें मोजलेलें असलें पाहिजे.

समजा, एखाद्याच्या रक्तांत दर घनमिलिमीटरला पन्नास जंतू आहेत. मग शंभर क्षेत्रांत सरासरीनें सहा-सात जंतू पडावेत. त्यांतला एकही न दिसण्याचा संभव हजारांत जेमतेम एक. आतां समजा, दर घनमिलिमीटरला दहाच जंतू आहेत. शंभर क्षेत्रांत सरासरी १.३५ जंतु. परंतु जंतू मोजून वांटल्यासारखे पसरत नाहींत. पावसाचे पहिले थेंब कौलांवर पडतात तेव्हां एका कौलावर दोन पडतात आणि शेजारचें कोरडें राहतें, तसे ते पडतात. संभाव्यतेच्या गणितानें पाहतां अशा रोग्यांपैकीं चारांतला एक शंभर क्षेत्रें पाहूनही निरोगी ठरेल. घाईच्या दिवशीं पन्नासच क्षेत्रें पाहिलीं तर दोहोंतला एक सुटेल. तीसच पाहिलीं तर तिघांतले दोघे सुटतील. उलट दोनशें क्षेत्रें पाहिलीं तर सुटणारा पंधरांत एक. घनमिलिमीटरला दहा जंतू ही संख्या क्षुल्लक वाटेल. परंतु पांच लिटर रक्ताच्या हिशेबानें त्या मनुष्याच्या अंगांत पांच कोटी जंतू वावरत असतात. शिवाय रंगवितांना व धुतांना कांहीं जंतू वाहून जातात, म्हणून प्रत्यक्ष चूक या हिशेबाहून कमी होत नाहीं, झाली तर जास्तच होते.

असा थोड्या जंतूंचा मनुष्य दोन प्रकारचा असतो. एक नुकता आजारी पडलेला. त्याचे जंतू दोन-तीन दिवसांत झपाट्यानें वाढतील, आणि तो जंतु फाल्सिपेरम जातीचा असला तर उशीर प्राणावर बेतूं शकतो. दुसरा, रानांतील गांवांत वारंवार हिंवताप होऊन कांहीं प्रमाणांत सरावलेला. त्याला ताप नसतो, तो शेतावर जातो, मोहफुलें वेंचतो, पण त्याला चावलेला डांस रोग पुढें नेतो. २०३० पर्यंत देशांतून हिंवताप हटविण्याचा संकल्प केलेला आहे. रोगी थोडे होत जातील तसतसा या दुसऱ्या प्रकारच्या मनुष्यांना शोधण्याचा प्रश्न अधिकाधिक पुढें येईल, आणि त्यांच्याच बाबतींत पाहिलेल्या क्षेत्रांची संख्या निर्णायक ठरते.

मग तंत्रज्ञानें काय करावें? पहिली गोष्ट, आपल्या यंत्राचा क्षेत्रांक जाणावा. क्षेत्रांक १८ च्या ऐवजीं २२ असला तर दृष्टिक्षेत्राचें क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतें. म्हणजे नव्या यंत्राच्या शंभर क्षेत्रांत जें रक्त पाहून होतें, तेवढ्यासाठीं जुन्या यंत्राचीं दीडशें क्षेत्रें पाहिलीं पाहिजेत. 'शंभर' हा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला तरी काम सारखें होत नाहीं. दुसरी गोष्ट, कांच किती सरकवावी हें ठरवावें. क्षेत्राचा व्यास ०.१८ मिलिमीटर असेल तर दर खेपेस ०.२ मिलिमीटर सरकवावें. कमी सरकविलें तर तेंच रक्त पुन्हां मोजलें जातें. नांगर जसा तासाच्या टोकाला जाऊन शेजारच्या तासानें परततो, तशी नजर डागावरून फिरली पाहिजे.

तिसरी गोष्ट, डागाची जाडी पारखावी. आणि त्यासाठीं निसर्गानेंच एक माप दिलेलें आहे. एका घनमिलिमीटर रक्तांत पांढऱ्या पेशी सुमारें आठ हजार धरतात. आपल्या हिशेबाच्या एका क्षेत्रांत मग दहा-अकरा पांढऱ्या पेशी दिसल्या पाहिजेत. क्षेत्रामागून क्षेत्र पाहतांना तीन-चारच दिसत असतील तर डाग पातळ आहे, आणि शंभर क्षेत्रें पाहूनही रक्त एक-तृतीयांशच पाहून होईल. हेंच माप जंतूंची संख्या काढण्यास वापरतात. दोनशें पांढऱ्या पेशी मोजून होईतों जेवढे जंतू दिसले, त्यांना दोनशेंनीं भागावें व आठ हजारांनीं गुणावें. पन्नास जंतू दिसले असतील तर घनमिलिमीटरला दोन हजार झाले. या रीतींत क्षेत्राचा व्यास लागत नाहीं. यंत्र कोणतेंही असो, उत्तर तेंच येतें. परंतु पांढऱ्या पेशींची संख्या माणसागणिक व आजारागणिक बदलते, म्हणून दोन्ही हिशेब एकमेकांना पडताळून पाहणारा तंत्रज्ञच खरा जाणकार.

आजकाल कागदी पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटांत हिंवतापाचा निर्णय देणारी चांचणी निघाली आहे. आरोग्यकेंद्र दूर असलेल्या गांवांत ती मोठी सोय आहे, आणि आशा सेविकेच्या पिशवींत ती असते. मग सूक्ष्मदर्शकाचें काय काम उरलें, असें कोणी विचारील. या पट्टीला दर घनमिलिमीटरला साधारण शंभर ते दोनशें जंतू असले म्हणजे खात्रीनें दिसतें. त्याहून थोडे असले तर तीही चुकूं शकते. शिवाय फाल्सिपेरम ओळखणारी पट्टी रोग बरा झाल्यावरही कांहीं आठवडे होकार देत राहते. जंतु कोणत्या जातीचा, किती संख्येनें, आणि औषधानें ते कमी होत आहेत कीं नाहींत, हें सांगणें अद्याप भिंगालाच साधतें.

गृहस्थाश्रमी माणसानें यांतून घ्यावयाचा बोध सोपा आहे. रक्ततपासणीच्या कागदावर "जंतु आढळले नाहींत" असें असेल, तर त्याचा अर्थ "जेवढें रक्त पाहिलें त्यांत आढळले नाहींत" असा वाचावा. थंडी वाजून ताप पुन्हां आला, किंवा हिंवतापाच्या प्रदेशांत राहून आल्यावर ताप हटतच नसला, तर पहिल्या नकारावर विसंबून घरीं बसूं नये. बारा ते चोवीस तासांच्या अंतरानें दुसऱ्यांदां आणि तिसऱ्यांदां रक्त द्यावें. तीनदां शंभर क्षेत्रें पाहिलीं म्हणजे तीनपट रक्त पाहून होतें, आणि मधल्या काळांत जंतूही वाढलेले असतात. ज्यांच्या घरांत मुलांसाठीं सूक्ष्मदर्शक घेतलेलें असेल, त्यांनीं मुलांकडून प्रत्येक भिंगाच्या दृष्टिक्षेत्राचा व्यास काढवून यंत्राच्या पेटीवर चिकटवून ठेवावा. किती पाहिलें याचा हिशेब ठेवण्याची संवय त्यांना लहानपणींच लागेल. आणि "दिसलें नाहीं" व "नाहींच" या दोन वाक्यांतलें अंतर त्यांना निराळें शिकवावें लागणार नाहीं.